अंगावर काढलेले दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी सातारा येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचे आमंत्रण दिले तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. मी विषय कळवला आणि पुढे चार दिवस त्यांच्याकडून काही उत्तर नाही. पाचव्या दिवशी फोन आला. "बाई, विषय थोडा बदलता येईल का? वर्धापनदिनाचे हळदीकुंकू, आणि त्यात मूळव्याध—" पुढचे वाक्य त्यांना पुरे करवेना. मी म्हटले, "विषय बदलला तर मजजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही." त्या क्षणभर थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "मग याच तुम्ही. मलाही ऐकायचे आहे." ह्या शेवटच्या वाक्याच्या बळावर मी आज तुमच्यापुढे उभी आहे.

मी साताऱ्याची माहेरवाशीण. शनिवार पेठेत वाढले, लग्न होऊन सांगलीस गेले आणि तेथे तेहतीस वर्षे शाळेत शिकवून २०१८ साली निवृत्त झाले. मी डॉक्टरीण नव्हे. पण मुलींना शरीरशास्त्राचा धडा दरवर्षी शिकवीत होते. फळ्यावर हृदय काढीत होते, आतडी काढीत होते. अशा शिकल्यासवरल्या बाईने आपले एक दुखणे पाच वर्षे घरात कोणाला कळू दिले नाही, त्याची ही हकीकत आहे.

आधी माझ्या हृदयाचे थोडे सांगावे लागेल, कारण पुढचे सारे त्याच्याशी बांधलेले आहे. लहानपणी मला सांधेतापाचा आजार झाला होता. सांधे बरे झाले, पण त्या तापाने हृदयाची एक झडप बिघडवून ठेवली. पुष्कळ वर्षांनी तिने त्रास द्यायला सुरुवात केली आणि २०१४ साली शस्त्रक्रिया करून तिच्या जागी धातूची झडप बसवावी लागली. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो. ती गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू, आणि झडपेतच अडकली तर जिवाशी गाठ. म्हणून अशा माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर घ्यावी लागते. मी ती देवाच्या दिव्यासारखी सांभाळीत असे. एक संध्याकाळ चुकवीत नसे.

२०१७ च्या उन्हाळ्यात शौचाच्या वेळी प्रथम रक्त पडले. लालभडक, थेंब थेंब, आणि दुखणे म्हणाल तर काडीचेही नाही. दुखले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते. बाईमाणूस दुखण्याची दखल एक वेळ घेईल, न दुखणाऱ्या गोष्टीची कशाला घेईल? मी म्हटले, तिखट खाल्ले असेल. पुढल्या महिन्यात म्हटले, उन्हाळा बाधला असेल. पावसाळ्यात म्हणण्यासारखे काही उरले नाही तेव्हा म्हणणेच सोडून दिले.

आपल्या घरांची रीत तुम्हांला ठाऊक आहे. माणसे सात आणि संडास एक. सकाळी नोकरीवाल्यांची घाई, शाळेच्या मुलांची घाई, सासऱ्यांचे वय झालेले. घरच्या बाईचा नंबर सर्वांत शेवटी, आणि तोवर तिची शाळेची वेळ झालेली असते. मग वेग दाबून धरायचा. शाळेत जायचे तर तेथील व्यवस्था जाऊ नये अशी, म्हणून पाणीच कमी प्यायचे. जेवायला बसायचे तेव्हा भाजी संपलेली. उरलेली भाकरी आमटीत कुस्करून खायची. अशी वीस-पंचवीस वर्षे गेल्यावर मलावष्टंभ झाला नाही तरच नवल. त्यात दोन बाळंतपणे. मूळव्याध हे पुरुषांचे, बैठ्या कामाचे दुखणे आहे असा एक समज आहे. तो कोणी पसरवला मला माहीत नाही, पण त्याने आम्हां बायकांची लाज मात्र दुप्पट केली.

२०१८ च्या भाऊबीजेला मी साताऱ्यास आले नाही. अंगात कणकण आहे असे कळवले. खरे कारण निराळे होते. सांगलीहून साताऱ्यास एस. टी.ने तीन तास बसायचे, वाटेत काही झाले आणि पातळावर डाग पडला तर काय करायचे, ह्या विचाराने मी बांधलेली पिशवी परत सोडली. माझ्या वहिनी समोर बसल्या आहेत. वहिनी, तुम्हांला हे आज प्रथमच कळते आहे. तुम्ही केलेले अनारसे दादा सांगलीस घेऊन आला होता आणि ते मी स्वयंपाकघरात उभ्याने रडत खाल्ले होते.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या घराचा खालचा मजला चिखलाने भरला. दोन महिने उपसण्यात आणि धुण्यात गेले. तेवढ्यात २०२० उजाडले आणि करोना आला. दवाखान्यात जायचे नाही ह्याला आता कारण शोधावे लागत नव्हते. ह्या साऱ्या काळात रक्त जातच होते. कधी आठवड्यातून एकदा, कधी रोज. जिना चढताना धाप लागे. मी वयावर घालवी.

आणि मग २०२२ च्या जानेवारीत मी ती चूक केली. रक्त फारच जाऊ लागले होते. मी मनाशी हिशेब केला की गोळीने रक्त पातळ होते, पातळ रक्त थांबत नाही, तर गोळीच चार दिवस बंद ठेवू. कोणाला विचारले नाही. विचारायचे तर कारण सांगावे लागले असते! चार दिवसांचे सहा दिवस झाले. रक्त थोडे कमी पडले म्हणून मी स्वतःवर खूशही होते.

मला धरले ते सूनबाईने. तिने न्हाणीघरात भिजत घातलेले कपडे पाहिले. माझी पाळी जाऊन दहा वर्षे झाली होती, तेव्हा तिला फसवणे शक्य नव्हते. ती काही बोलली नाही. चहा करून आणला, दार लावले आणि म्हणाली, "आई, किती दिवस?" मी म्हटले, "पाच वर्षे." ती माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रजा टाकली आणि मला डॉक्टरांकडे नेले.

हिमोग्लोबिन सहा निघाले. बायकांचे ते बारा तरी असावे. मला भरती करून एक बाटली रक्त दिले, पुढे लोहाची इंजेक्शने दिली. हृदयाच्या डॉक्टरांना गोळीची गोष्ट कळली तेव्हा ते एरवी फार मृदू बोलणारे गृहस्थ खुर्चीतून उठले. "बाई, रक्त गेले तर आम्ही भरू. झडप बंद पडली असती तर आम्ही काय करणार होतो?" तुमच्यात कोणी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, किंवा घरात कोणाला ती चालू असेल, तर हे वाक्य पदराला गाठ मारून न्या. रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे; गोळी आपल्या मनाने सोडू नये, कमीही करू नये.

पोटाच्या डॉक्टरांनी मूळव्याधीचा शब्दही न काढता प्रथम दुर्बिणीने मोठे आतडे तपासायचे ठरवले. मला ते अंगावर आले. मूळव्याधच आहे हे दिसत असताना ही आणखी विटंबना कशाला, असे वाटले. पण त्या रात्री मला आमच्या थोरल्या जाऊबाई आठवल्या. त्यांनाही असेच रक्त जात होते. एका पाटी लावून बसलेल्या माणसाने हात न लावता मूळव्याध ठरवली आणि आठ महिने पुड्या व मलम दिले. पुढे पोट फुगले तेव्हा खऱ्या डॉक्टरांनी तपासले, तर तो गुदाशयाचा कर्करोग होता. २००९ साली त्या गेल्या. वय अवघे एकावन्न. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही. पण कर्करोगाचे रक्त मूळव्याधीच्या रक्तासारखे दिसू शकते, आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. म्हणून तपासणी आधी, उपचार मागाहून. विशेषतः वय पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल, घराण्यात असा आजार असेल, तर नुसत्या अंदाजावर औषध घेऊ नये. माझे आतडे स्वच्छ निघाले. रक्त मूळव्याधीचेच होते.

आता मूळव्याध म्हणजे काय, ते फळ्यावर काढल्यासारखे सांगते. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येक माणसाला असतात. तेथील झाकण घट्ट बसावे म्हणून देवाने केलेली ती सोय आहे. ह्या गाद्या मुळात सर्वांच्याच शरीरात असतात हे थॉमसन नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने १९७५ साली नीट दाखवून दिले. कुंथून कुंथून त्यांचा आधार सैल झाला की त्या फुगतात, खाली सरकतात, त्यांना आपण मोड म्हणतो. त्यांना रक्त मिळते ते वरून येणाऱ्या रोहिणीतून, म्हणून पडणारे रक्त काळपट नसून लालभडक असते.

दुखणे जुनेच आहे. सुश्रुताने अर्शाची गणना आठ महागदांत केली आणि औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले. एवढ्या पुरातन दुखण्याची आपण लाज का धरावी, हे मला कळत नाही. पण धरतो खऱ्या. अलीकडचे उपायही पुष्कळ आहेत. बहुतेकींना कोंडा न काढलेले पीठ, पालेभाज्या, इसबगोल, भरपूर पाणी आणि कुंथत न बसण्याची सवय एवढ्यानेच आराम पडतो. तेवढ्याने भागले नाही तर मोडाच्या बुडाशी रबराचे बारीक कडे बसवतात. ही युक्ती १९६३ पासून प्रचारात आली, दवाखान्यात दहा मिनिटांत होते आणि पुष्कळांना पुरते. फार मोठे, बाहेर आलेले मोड असतील तर शस्त्रक्रिया. तिचा जुना प्रकार लंडनच्या मिलिगन आणि मॉर्गन ह्या शल्यविशारदांनी १९३७ साली मांडला. खात्रीचा आहे, पण नंतरचे दोन-तीन आठवडे दुखणे फार.

माझ्या बाबतीत पेच असा पडला की रबराचे कडे आठ-दहा दिवसांनी गळून पडते आणि तेथे लहानशी जखम राहते. गोळी चालू असताना ती जखम वाहू लागली तर? शस्त्रक्रियेची जखम तर उघडीच ठेवतात. गोळी थांबवून, इंजेक्शने देऊन, भरती राहून हे करता आले असते, पण धोका दोन्ही बाजूंनी होता. पोटाचे डॉक्टर म्हणाले, "पुण्यास एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. ते मोडाला हातच लावणार नाहीत."

ह्या डॉक्टरांचा हुद्दा लांबलचक आहे: इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. एक्स-रेच्या पडद्यावर बघत, बारीक नळी रक्तवाहिनीतून आत घालून उपचार करणारे. उपचाराचे नाव एम्बोलायझेशन. आम्ही सांगलीकडच्या बायका उसाच्या पाण्याचे दारे धरणे बघत वाढलेल्या. सरीत पाणी फार होऊन ती फुटू लागली तर शहाणा गडी फुटलेल्या जागी चिखल थापीत बसत नाही. तो वर पाटावर जातो आणि दार लावून येतो. हेही तसेच. मोडांकडे रक्त नेणारी जी मुख्य रोहिणी आहे, तिच्या शेवटच्या फांद्या आतून बंद करायच्या. मी विचारले, मग तो भाग सुकून जाणार नाही का? डॉक्टर म्हणाले, खालून आणि बाजूने येणारे दोन लहान पाट चालूच राहतात. जोर तेवढा कमी होतो.

फेब्रुवारीत आम्ही मोटारीने पुण्यास निघालो. साताऱ्याजवळ रस्त्यावरून अजिंक्यतारा दिसला. माहेर इतके जवळ, आणि मी दादाला कळवलेसुद्धा नव्हते. सूनबाईला म्हटले, "परतताना थांबू." ती म्हणाली, "परतताना कारण सांगावे लागेल." मी गप्प बसले. आणि परतताना थांबलेच नाही, हेही येथे कबूल करते.

भूल नाही, डाव्या मनगटापाशी तेवढी जागा बधिर केली. मी पूर्ण जागी होते. मनगटातून शेवयासारखी बारीक नळी आत गेली, ती खांद्यावरून उतरून पोटातल्या महारोहिणीत आणि तेथून हव्या त्या फांदीत. आत नळी फिरते आहे ह्याची जाणीव मुळीच होत नाही. पडद्यावर दिसावे म्हणून औषध सोडतात तेव्हा ओटीपोटात ऊब पसरते, एवढेच. त्या पडद्यावर माझ्या शरीरातल्या रोहिण्या बाभळीच्या डहाळीसारख्या काळ्या दिसत होत्या. मुलींसाठी ज्या मी इतकी वर्षे खडूने काढीत आले, त्या प्रथमच पाहत होते, आणि खरे सांगते, मला भीतीपेक्षा कौतुकच अधिक वाटले.

मग एकेका फांदीत प्लॅटिनमच्या तारेची बारीक वेटोळी सोडली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तारेचे भेंडोळे हातातून सुटले की आपोआप वळते, तशी ती तार नळीतून बाहेर पडताच वळते आणि जागा अडवते. कुठे कुठे तारेऐवजी वाळूसारखे सूक्ष्म कणही वापरतात. तासाभरात काम झाले. मनगटाला घट्ट पट्टा बांधला, एक रात्र ठेवले, दुसऱ्या दिवशी घरी. टाका नाही, खाली कोठे जखम नाही. दोन दिवस शौचाला जावेसे उगीच वाटत राहिले, इतकाच त्रास. गोळी अर्थात डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालू होती.

येथे मला थोडे थांबून उलट बाजू सांगायची आहे, नाहीतर तुम्ही उद्या सगळ्या पुण्याची वाट धराल! रक्त त्याच दिवशी थांबले नाही. तिसऱ्या आठवड्यात दोनदा पुन्हा पडले आणि मी पुन्हा रडले. महिन्याभरात मात्र थांबले. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहा झाले. दीड वर्षाने एकदा चार-पाच थेंब दिसले. ह्या वेळी मी त्याच दिवशी फोन केला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की दहांपैकी सात-आठ जणांना चांगला गुण येतो, इतरांना पुरता येत नाही, आणि काहींना पुन्हा करावे लागते. उपचार तसा नवा आहे. रशियात १९९०च्या सुमारास त्याचे प्रयत्न झाले होते, पण फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर व्हिदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वेटोळ्यांची पद्धत प्रसिद्ध केली तेव्हापासून त्याकडे लक्ष गेले. वीस वर्षांनी काय होते हे सांगायला अजून वीस वर्षे झालेलीच नाहीत. रक्त पडणे हीच मुख्य तक्रार असेल तर त्याचा उपयोग. फार मोठे बाहेर आलेले मोड, किंवा बाहेरच्या बाजूला गाठ धरून ठणकणारे दुखणे, ह्यांवर तो उपाय नव्हे. शौचाच्या वेळी चिरल्यासारखे दुखते ती बहुधा भेग असते, तिचे औषध निराळे. गरोदर बाईला एक्स-रेमुळे हा उपचार करीत नाहीत, आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर त्या पडद्यावर दिसणाऱ्या औषधाचा विचार करावा लागतो. खर्चही रबराच्या कड्यांहून पुष्कळ जास्त. माझी निवृत्तीची शिल्लक त्यात बरीच खाली आली. साध्या उपायाने भागत असेल तर तोच करावा, हे मला पुण्याच्या डॉक्टरांनीच सांगितले.

ह्याबद्दल एक गोष्ट राहून राहून मनात येते. आमच्या मिरजेत डॉक्टर वानलेस ह्यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. लांबलांबून माणसे तेथे येत. माझे सासर तेथून कोसा-दोन कोसांवर. म्हणजे सव्वाशे वर्षे वैद्यक आमच्या दारात उभे आहे, आणि मी न्हाणीघराचे दार लावून बसले होते.

आता भाषण आटोपते घेते, कारण आतून खिचडीचा वास येऊ लागला आहे. चिटणीसबाईंनी प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे ठेवली आहेत, पण ह्या विषयावर भर सभेत हात वर करणे किती कठीण आहे ते मला माहीत आहे. म्हणून मी त्यांची परवानगी घेऊन ठेवली आहे. फराळ झाल्यावर मी मागच्या ओट्यावर, तुळशीपाशी बसणार आहे. सांगलीची गाडी सहाची आहे. तोवर मला कोठे जायचे नाही. ज्या कोणाला यायचे असेल तिने यावे, एकटीने यावे, आणि वहिनी, तुम्ही तेवढ्या आधी या.